कानातील दडा आणि कर्णनाद : सायनसच्या दाहानंतर घ्यावयाची काळजी

पडसे आठवडाभरात आपोआप बरे होते, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत असून ती बहुतांशी खरीही आहे. तथापि पडशाचे पर्यवसान सायनसच्या दाहात झाले, म्हणजे नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांचे अस्तर सुजून त्यांत स्राव साठला, की दुखणे लांबते. पुढे ताप उतरतो, कपाळाचा ठणका थांबतो, रुग्ण कामावरही जाऊ लागतो. परंतु एक कान बंद असल्यासारखा वाटतो, स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो आणि रात्री दिवा मालवला म्हणजे कानात रातकिडा ओरडू लागतो. यांपैकी पहिल्या तक्रारीला मराठीत ‘कानात दडा बसणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. दुसरीला कर्णनाद म्हणतात. हे नाव नवे नव्हे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत कर्णनादाचा समावेश आहे.

या दोन तक्रारींची माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांना असणे दोन कारणांसाठी अगत्याचे आहे. दहापैकी बहुतेक वेळा सर्दीनंतरचा दडा काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत सुटतो आणि त्याच्याबरोबर नादही ओसरतो. तेव्हा रुग्णाला धीर देणे व त्याला घातक घरगुती उपायांपासून परावृत्त करणे हेच मोठे काम असते. परंतु हुबेहूब दड्यासारखाच वाटणारा एक निराळा विकार आहे. त्यात कानाची नसच अचानक निकामी होऊ लागते आणि तेथे ‘सर्दी आहे, उतरेल’ म्हणून घालविलेला प्रत्येक दिवस रुग्णाला महाग पडतो. हा भेद गावपातळीवर ओळखता आला पाहिजे.

तीन शहरांचा पट्टा

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे कल्याण-कर्जत लोहमार्गावर एकापाठोपाठ एक वसलेली आहेत. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेली नगरी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नामकरण झाले. आजही तेथील पत्ते कॅम्प क्रमांकानेच सांगितले जातात. अंबरनाथ इ. स. १०६० च्या शिवमंदिरासाठी जितके प्रसिद्ध, तितकेच आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीसाठीही. बदलापूर हे एके काळचे टुमदार गाव. आता तेथेही रासायनिक कारखाने आहेत आणि मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांची दाट वस्ती आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा पावसाळ्यात चार महिने ओला राहतो. भिंतींना ओल येते, बुरशी धरते, खोल्या लहान असतात आणि कपडे घरातच वाळविले जातात. ज्यांना नाकाची ॲलर्जी आहे त्यांच्या नाकाचे अस्तर या दिवसांत सुजलेलेच असते. त्यावर पडशाच्या विषाणूची भर पडली की सायनसची तोंडे बंद व्हायला वेळ लागत नाही.

येथील हवेत आणखी एका गोष्टीची भर पडते. शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे वाहणाऱ्या वालधुनी नदीत नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस घातक रसायन सोडले गेले आणि त्यातून निघालेल्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या एका कारखान्यातून वायुगळती झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या औद्योगिक भागात रासायनिक धूर पसरून लोकांचे डोळे व घसे चुरचुरले. अशा दाहक वायूंनी नाकाच्या अस्तराला इजा होते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. म्हणून प्रत्येकाच्या कानाचा दडा कारखान्यावर ढकलावा असे नव्हे; बहुतेकांच्या बाबतीत साधे पडसेच कारण असते. मात्र आधीच सुजलेल्या नाकाला धूर, तंबाखूचा झुरका आणि मच्छर-अगरबत्ती यांपैकी काहीच मानवत नाही.

दडा बसतो म्हणजे काय होते

पुण्याहून गाडीने कर्जतकडे येताना बोरघाट उतरू लागलो की कानांत दडे बसतात, हा अनुभव अनेकांना असेल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. गाडी खाली येते तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण नावाची एक लहानशी हवेची पोकळी आहे. तिच्यातील दाब मात्र घाटमाथ्यावरचाच राहतो. मग पडदा आत दाबला जातो, आवाज दूरचे वाटतात. अशा वेळी आवंढा गिळला किंवा जांभई दिली की कानात ‘टक्’ असा आवाज होऊन सारे पूर्ववत होते.

ही ‘टक्’ करणारी वाट म्हणजे मध्यकर्ण आणि नाकाची मागील बाजू यांना जोडणारी युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टेशी यांच्या नावाने ती ओळखली जाते. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते. ती एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूच्या स्नायूंच्या ओढीने क्षणभर उघडते. दिवसातून शेकडो वेळा आपल्या नकळत हे घडत असते.

सायनसचा दाह झाला की नाकाच्या मागच्या भागातील अस्तर सुजते आणि नलिकेचे तोंड उघडेनासे होते. मध्यकर्णातील हवा तेथील अस्तर हळूहळू शोषून घेते. नवी हवा येत नाही. दाब कमी होऊन पडदा आत ओढला जातो आणि काही दिवसांनी त्या पोकळीत पातळ किंवा चिकट पाणी जमते. आता पडद्याला मोकळेपणाने कंप पावता येत नाही. घाटातला दडा मिनिटात सुटतो, कारण तेथे नलिका निरोगी असते. पडशानंतरचा दडा सुटायला नलिकेची सूज उतरावी लागते आणि साचलेले पाणी निघून जावे लागते. याला दोन-तीन आठवडे लागणे मुळीच असाधारण नाही. क्वचित दोन-तीन महिनेही लागतात. सायनस बरा झाला तरी कान का उघडत नाही, या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

नाद कोठून येतो

कर्णनाद ऐकणारा माणूस प्रथम घाबरतो तो आपल्या डोक्यात काही बिघडले या शंकेने. त्याला सांगण्यासारखा एक प्रयोग आहे. १९५३ मध्ये हेलर व बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० जणांना बाहेरचा आवाज पोहोचणार नाही अशा खोलीत बसविले आणि काय ऐकू येते ते लिहावयास सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला तरी आवाज ऐकू आल्याचे नोंदविले. म्हणजे श्रवणयंत्रणेत थोडी गुणगुण सर्वांच्याच असते; बाहेरच्या आवाजाखाली ती झाकलेली असते.

पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा शेजारच्या खोलीतील घड्याळाची टिकटिक कोणाला ऐकू येते? पाऊस थांबला की तीच टिकटिक झोप मोडते. दडा बसलेल्या कानाचे असेच होते. बाहेरून येणारा आवाज कमी होतो आणि मेंदू, कमी झालेला आवाज ऐकण्यासाठी, जणू आपला कान अधिक टवकारतो. त्यात आतील गुणगुण मोठी होऊन ऐकू येते. दडा सुटून बाहेरचे आवाज पूर्ववत आले की बहुतेकांचा नाद मागे पडतो.

काहींचा मात्र राहतो. आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने किंवा वयोमानाने ज्यांच्या अंतःकर्णातील संवेदक पेशी आधीच कमी झालेल्या असतात, त्यांना सर्दीच्या निमित्ताने तो प्रथम जाणवतो एवढेच. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातील करवतीपाशी, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतील दाबयंत्रांपाशी किंवा मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकांपाशी दिवस घालविणाऱ्यांचा यात समावेश होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथील आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा अधिक आहे असे समजावे. अशा जागी रोज आठ तास उघड्या कानांनी काम करणे श्रवणाला धोक्याचे आहे. आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची नोंद व्यवसायजन्य रोग म्हणून कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत झाली होती. दुर्दैवाने कामगार याची तक्रार करीत नाही. तो ‘कानात सर्दी आहे’ असे सांगतो आणि आपणही ते मान्य करतो.

विलंब कोठे चालत नाही

सकाळी उठल्यावर एक कान पूर्ण बंद, त्यात मोठा नाद, कदाचित थोडी चक्कर, आणि दुखणे मात्र काही नाही. दोन दिवसांपूर्वी थोडी सर्दी होऊन गेलेली. या वर्णनाला दडा म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु हीच लक्षणे अंतःकर्णाच्या आकस्मिक बहिरेपणाचीही आहेत. यात ऐकणे तीन दिवसांच्या आत झपाट्याने कमी होते. काही रुग्ण आपोआप सुधारतात. इतरांना स्टिरॉइड औषधांचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते, दोन आठवड्यांनंतर ती बरीच घटते. कानात थेंब घालीत आणि वाफ घेत महिना काढलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांना पुढे फारसे करता येत नाही.

हा भेद ओळखण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ ध्वनिकाटा वापरतात. काटा कंपित करून कपाळाच्या मध्यावर टेकवितात आणि आवाज कोणत्या कानात अधिक येतो ते विचारतात. याचीच एक साधी आवृत्ती कोणालाही करता येते. तोंड मिटून ‘म्’ असा हुंकार लांबवावा आणि तो कोणत्या बाजूला घुमतो याकडे लक्ष द्यावे. बंद वाटणाऱ्या कानातच हुंकार मोठा घुमत असेल, तर मध्यकर्णातील पाणी, मळ किंवा साधा दडा असण्याचा संभव अधिक. हुंकार चांगल्या कानाकडे सरकत असेल आणि बंद कानात नुसता नाद असेल, तर नसेचा दोष असू शकतो. अशा रुग्णाने त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी तरी तज्ज्ञाकडे जाऊन श्रवणालेख काढून घ्यावा. ही घरगुती चाचणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही, आणि तिचे उत्तर कसेही आले तरी अचानक आलेला एका कानाचा बहिरेपणा दाखविलाच पाहिजे. परंतु ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याला उठविण्यास ती उपयोगी पडते.

इतर काही लक्षणांतही थांबू नये. कानामागे सूज येणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, तोल जाईल अशी भोवळ, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणे, तापाबरोबर मान ताठरणे यांपैकी काहीही असल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. मधुमेही व्यक्तीला सायनसच्या दुखण्यात गालाला बधिरपणा आला किंवा नाकातून काळसर स्राव येऊ लागला, तर २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ महाराष्ट्राने पाहिलेल्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाची आठवण ठेवावी. नाडीच्या ठोक्याबरोबर ‘धस् धस्’ वाजणारा नाद आणि सर्दी नसताना प्रौढाच्या एकाच कानात साचून राहिलेले पाणी, यांचीही रीतसर तपासणी व्हावी. दुसऱ्या प्रकारात नाकाच्या मागील भागात गाठ नाही ना, हे तज्ज्ञ पाहतात.

घरी काय करावे, काय करू नये

नाक शिंकरण्याची रीत लहानपणीच लावावयास हवी. एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या हाताने. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरल्यास नाकातील पू नलिकेतून कानात चढू शकतो. याच कारणासाठी नाक मिटून कानात हवा भरण्याची क्रिया, जी इटालियन शरीरशास्त्रज्ञ वालसाल्वा यांच्या नावाने ओळखली जाते, ती पिवळे-हिरवे शेंबूड वाहत असताना करू नये. सर्दी ओसरल्यावर अगदी हळुवार करण्यास हरकत नाही. त्याहून सौम्य क्रिया म्हणजे नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळणे. ही क्रिया लंडनचे कर्णशल्यविशारद जोसेफ टॉयन्बी यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. टॉयन्बी यांनी शेकडो मृतदेहांच्या कानांचे विच्छेदन करून कर्णरोगशास्त्राचा पाया घातला. कर्णनादावर उपाय शोधताना क्लोरोफॉर्म व हायड्रोसायनिक आम्लाची वाफ स्वतःच हुंगून ती कानात चढविण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि त्यातच जुलै १८६६ मध्ये त्यांचा अंत झाला. कर्णनादाने त्रासलेला माणूस कोणताही उपाय करून पाहण्यास तयार असतो, आणि तो शोधणारे शास्त्रज्ञही कधी कधी तसेच वागतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा साधा व गुणकारी उपाय आहे. योगाभ्यासातील जलनेतीचाच तो प्रकार. पाव लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा, किंचित कमीच, मीठ घालावे. पाणी खळखळून उकळून कोमट केलेले असलेच पाहिजे. नळाचे, विहिरीचे किंवा टाकीचे कच्चे पाणी नाकात कदापि घेऊ नये. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे पाण्यातील एका अमीबाच्या मेंदूसंसर्गाने दगावले. हे क्वचित घडते. पण पाणी उकळण्याचा खर्च तो केवढा! कानात दडा असताना नाकात पाणी जोराने मारू नये, आपल्या वजनाने वाहू द्यावे.

वाफेने बरे वाटते, एवढ्यापुरती ती घ्यावी. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलांना वाकवू नये. भाजण्याचे अपघात अशानेच होतात. नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा अधिक घातल्यास नाक उलट अधिक चोंदते आणि थेंबांची सवय लागते. ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टर नाकात मारण्याचा स्टिरॉइड फवारा देतात. त्याचा गुण यायला दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत तो टाकून देऊ नये.

प्रतिजैविकांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शेंबूड पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग झाला, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक सायनसदाह विषाणूमुळे होतात आणि त्यांवर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नसतो. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरे वाटू लागल्यावर ताप व ठणका पुन्हा उलटला, तर डॉक्टरांनी ठरवावे. जुन्या चिठ्ठीवर औषध-दुकानातून गोळ्या आणण्याची रीत आपल्या शहरांत सर्रास आहे. याबाबत दुकानदारापेक्षा ग्राहकाचा आग्रहच अधिक कारणीभूत असतो, असे म्हणावे लागेल.

कानात काय घालावे? पडदा तपासल्याविना काहीही नाही. दडा पडद्याच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरून घातलेले लसणीचे तेल तेथे पोहोचत नाही, आणि पडद्याला छिद्र असल्यास पोहोचून इजा करते. काडी, केसात घालावयाचा आकडा किंवा कापसाची काडी यांनी मळ आणखी आत ढकलला जातो. स्थानकाबाहेर कान साफ करून देणाऱ्यांच्या हाती कान देणे म्हणजे धोका विकत घेणे होय.

नाद सोबत असताना

दडा सुटेपर्यंतचे दिवस, आणि ज्यांचा नाद राहतो त्यांचे पुढील दिवस, कसे काढावयाचे हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. सर्वांत त्रास रात्री होतो, कारण तेव्हा शांतता असते. म्हणून झोपताना पूर्ण शांतता टाळावी. पंखा चालू ठेवावा, रेडिओ किंवा तानपुऱ्याचा सूर अगदी हळू लावावा. तो नादाला बुडविण्याइतका मोठा नसावा. नादापेक्षा थोडा लहान असला म्हणजे कान दोन्हींत विभागला जातो आणि काही आठवड्यांत मेंदू नादाकडे दुर्लक्ष करू लागतो. आगगाडीच्या रुळालगत राहणारे लोक गाडीच्या आवाजात झोपतात, ते याच नियमाने. दिवसा कानांत बोळे घालून बसणे मात्र उलट परिणाम करते. बोळे कारखान्यात घालावेत, घरी नव्हे.

चहा-कॉफी सोडल्याने नाद थांबतो यास पुरावा नाही. रात्रीचा चहा झोप उडवीत असेल तर तो सोडावा, एवढेच. ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा, मलेरियावरील क्विनीन आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शने कानाला बाधतात. ती चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे, आपण होऊन बंद करू नयेत. कर्णनाद मुळापासून घालविण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर पैसे खर्च करू नयेत. असे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. श्रवणशक्ती कमी झालेली असेल तर श्रवणयंत्राने ऐकणे सुधारते आणि नादही झाकला जातो. नादामुळे मनाची जी घालमेल होते तिच्यावर समुपदेशनाने, विशेषतः विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीने, गुण येतो असे अभ्यासांत दिसून आले आहे. सतत झोपमोड, उदासपणा किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर १४४१६ या ‘टेली मानस’ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. ‘कानात वाजते म्हणून कोणी एवढे मनाला लावून घेते काय?’ असे घरच्यांनी म्हणू नये. ऐकणाऱ्याला तो आवाज खरा असतो.

वर्गातील मूल आणि वांगणीचा प्रवासी

लहान मुलाची युस्टेशियन नलिका आखूड आणि अधिक आडवी असते. शिवाय तिच्या तोंडाशी ॲडेनॉइडची गाठ असते. त्यामुळे पावसाळ्यात मध्यकर्णात पाणी साचणे हे मुलांत नेहमीचे आहे, आणि मूल दुखत नसल्याने काही सांगत नाही. ते हाक मारल्यावर उशिरा वळते, तोंडाने श्वास घेते, दूरदर्शनचा आवाज वाढविते, श्रुतलेखनात जवळच्या उच्चाराचे शब्द चुकविते. वर्गात त्यावर ‘लक्ष नसते’ असा शेरा बसतो. शिक्षकांनी असा शेरा लिहिण्यापूर्वी मुलाच्या मागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घेऊन पाहावे. संशय आल्यास त्याला पुढच्या बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे आणि पालकांना कळवावे. बहुतेक मुलांचे पाणी तीन महिन्यांत निघून जाते. त्यापुढे टिकले व ऐकणे कमी असले, तर तज्ज्ञ पडद्यात बारीक नळी बसविण्याचा विचार करतात. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच झाला. तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलांची यादी तयार असावी.

बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. येथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती असून त्यांतील अनेक जण लोकलमध्ये लहानसहान वस्तू विकून चरितार्थ चालवितात. १७ एप्रिल २०२१ रोजी याच स्थानकात रुळावर पडलेल्या बालकाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन वाचविले, ते सर्वांना स्मरत असेल. त्या बालकाची माता दृष्टिहीन होती. ज्याला दिसत नाही त्याला गाडी कोणत्या बाजूने येते हे दोन्ही कानांच्या मेळातूनच कळते. एका कानात दडा बसला तर दिशा कळेनाशी होते. डोळस माणसाला पंधरा दिवसांची गैरसोय वाटणारी गोष्ट येथे जिवावरची ठरू शकते. म्हणून दृष्टिहीन व्यक्तीने कानाची तक्रार सांगितली, तर आरोग्य कर्मचाऱ्याने तिला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगू नये, आणि दडा सुटेपर्यंत तिला रूळ व रस्ता ओलांडण्यास सोबत मिळेल एवढी व्यवस्था शेजाऱ्यांनी किंवा पंचायत सदस्यांनी करावी.

तपासणीची सोय

उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय ही या पट्ट्यातील सार्वजनिक रुग्णालये. विमाधारक कामगारांसाठी उल्हासनगरातच राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. त्यापुढील उपचारांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय मध्य रेल्वेच्या मार्गावर पडते. श्रवणयंत्र व पुनर्वसनासाठी वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कोणत्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ बसतात आणि श्रवणालेख कोठे निघतो, याची चौकशी करून ती माहिती ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लावल्यास रुग्णाची एक खेप वाचेल.

केसपेपर काढण्यापूर्वी रुग्णाने एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : तक्रार कोणत्या तारखेला आणि कोणत्या कानात सुरू झाली, ती एका रात्रीत आली की हळूहळू, हुंकार कोणत्या कानात घुमतो, आणि आजवर कोणती औषधे घेतली, कानात काय घातले. अचानक आलेला बहिरेपणा असल्यास हा कागद खिडकीवरच दाखवावा आणि आजच तपासणी व्हावी असे स्पष्ट सांगावे.